दंडघेराची पट्टी आणि मलावीतले सहा महिने

सुई टोचणार नाही, बाळंतपण करणार नाही, औषध स्वतःच्या हाताने देणार नाही. या कागदावर माझी सही घेतली तेव्हा मला राग आला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर मी ३४ वर्षं आरोग्यसेविका म्हणून नेमकं हेच केलं होतं! पण नियम बरोबरच होता. आफ्रिकेतल्या मलावीत नर्सिंग करायचं तर तिथल्या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि मी जाणार होते स्वयंसेवक म्हणून. ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले, भाचा तिथल्या राजधानीत, लिलाँग्वेत नोकरीला, त्याच्या ओळखीतून एका संस्थेकडे सहा महिन्यांचं काम जमलं. सलिमा जिल्हा, मलावी सरोवरापासून जवळ, जानेवारी ते जून २०१९.

निघण्याआधीची धावपळ थोडक्यात सांगते. विमान अदिस अबाबावरून जाणारं, म्हणून पीतज्वराची लस मुंबईत घेतली. दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, तेव्हा तिकीट काढून मग लसीकडे धावायचं नाही. साठीच्या पुढे डॉक्टर ही लस द्यायला कांकू करतात. मी थोडक्यात वाचले. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लीन रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. मी एकदा आडवी झाले. दोन दिवस छातीत जळजळ.

गावात पाऊल ठेवायचं ते आधी म्फुमूला, म्हणजे गावप्रमुखाला भेटून. बायका नमस्कार करताना गुडघे टेकतात. माझे गुडघे कसे आहेत ते मलाच ठाऊक, पण टेकले. पंजाबी ड्रेसवर कमरेला चितेंजे गुंडाळायची, तो रंगीत कपडा तिथल्या बाईला हवाच. कुणाच्याही अंगणात शिरताना लांबूनच ‘ओडी!’ म्हणून हाक द्यायची, आतून ‘ओडीनी!’ आलं की पुढे. पोरं ‘म्वेन्ये, म्वेन्ये’ करत मागे लागायची, म्हणजे भारतीय. मोठी माणसं मात्र ‘अमायी’ म्हणत. बाईमाणसाला मानाने असंच म्हणतात तिथे. मला पहिल्या दिवशी वाटलं, कुणी माई म्हणतंय.

माझं काम गावच्या एचएसएबरोबर, म्हणजे हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. साधारण हजार लोकांमागे एक असावा असा हिशोब. आपल्या आशाताईंसारखाच म्हणाल, तर एक मोठा फरक: तो पगारी सरकारी माणूस. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, त्यावरून किती मोर्चे पाहिले मी. हा माणूस तिशीतला, सायकलवर औषधांची पेटी बांधून फिरायचा. मी त्याला अचिम्वेने म्हणायचे, भाऊ.

मुलांच्या वजनाच्या दिवसाला तिथे ‘सिकेलो’ म्हणतात. काट्यावरूनच आलेला शब्द. आंब्याच्या फांदीला काटा टांगलेला, त्याला चड्डीसारखी झोळी, त्यात मूल बसवलं की ते भोकाड पसरणार. अगदी आपल्यासारखं. प्रत्येक आईच्या हातात मुलाचं आरोग्याचं वहीवजा पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. माझ्याकडे रजिस्टर आणि दंडघेराची पट्टी, म्हणजे कुपोषण ओळखायला मुलाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. पट्टी मी आयुष्यात हजारदा पाहिलेली, पण हातात क्वचित. आमच्याकडे ते काम अंगणवाडीताईंचं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी एका मुलीचा दंडघेर ११.२ सेंटीमीटर भरला. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. मी मोठ्याने आकडा सांगितला, तिची आई घाबरली. अचिम्वेने उठला, मुलीचा डावा हात कोपरात दुमडला, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढला, हात सैल सोडून पट्टी नुसती टेकवली. ११.७. पिवळं, म्हणजे मध्यम; हिरवं साडेबारापासून. मी पट्टी ओढली होती, दंडाला चिमटा बसेल इतकी. तो एवढंच म्हणाला, ‘पांगोनो पांगोनो, अमायी.’ हळूहळू. तिथे सगळ्यालाच हे म्हणतात, पण त्या दिवशी कान तापले.

जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने. कणग्या रिकाम्या, नवा मका एप्रिलमध्ये. बाया ‘गान्यू’ला, म्हणजे रोजंदारीवर दुसऱ्यांच्या शेतात. सिकेलोला गर्दी कमी, आणि जे येत नाहीत त्यांचीच काळजी जास्त. म्हणून घरोघर. मक्याच्या पिठाची न्सिमा आपल्या उकडीची घट्ट बहीण; तिच्याबरोबर उसिपा, सरोवरातली बारीक सुकी मासळी. कोकणातल्या बाईला यापेक्षा काय हवं? पण त्या दिवसांत बऱ्याच घरी न्सिमा एकदाच शिजायची.

फेब्रुवारीत एक दोन वर्षांचा मुलगा सापडला. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबला, खड्डा तसाच राहिला. चिपोंदे दिलं, शेंगदाण्याची ती पौष्टिक पेस्ट, ९२ ग्रॅमचं पाकीट. तोंडच उघडेना. सूज आणि भूक नाही, म्हणजे जिल्हा रुग्णालयात दाखल करायलाच हवं. मी विचारलं, सासूबाई कुठे आहेत, त्यांना समजावू. अचिम्वेने हसला. तिथल्या चेवा लोकांत वंश आईकडून चालतो, नवरा बायकोच्या गावात राहायला येतो. सासू दुसऱ्याच गावी. परवानगी लागते मामाची, आईच्या भावाची. मामा तळ्यावर मासेमारीला गेलेला. संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि मग स्वतःच सायकलवर बहीण आणि भाचा बसवून निघाला. माझी अर्धी नोकरी सासूबाईंना समजावण्यात गेली. इथे ते कौशल्य बिनकामाचं.

मुलगा तीन आठवड्यांनी घरी आला, पुढचं चिपोंदे घरूनच. वजन वाढेना. कारण कळायला फार बुद्धी लागत नव्हती: पाकीट उघडलं की चार भावंडं भोवती. मी अचिम्वेनेला म्हटलं, सांग तिला, हे औषध आहे, वाटून खाल्लं तर हा मरेल. तो बराच वेळ मऊ आवाजात बोलला, ती मान डोलवत राहिली. मला वाटलं, छान समजावलं.

मे महिन्यात माझी चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, थोडी सुधारली आणि एका घरी मी बोललेलं अचिम्वेनेच्या तोंडून ऐकलं. माझं ‘तुम्ही असं का करता?’ त्याने केलं होतं, ‘अमायी विचारतात, बाकीची मुलं काय जेवली?’ परत येताना मी थेट विचारलं, फेब्रुवारीपासून असंच चाललंय का? तो सायकल ढकलत म्हणाला, हो. त्या मुलाच्या आईलाही मरणाचं काही सांगितलं नव्हतं. आधी बाकीच्यांना मका-सोयाची लापशी घाल, मग याला घराच्या मागे नेऊन चिपोंदे दे, आणि लापशीचं पीठ संपलं की मला कळव, असं सांगितलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मग माझा राग गेला. नक्की कशाने गेला ते सांगता येत नाही, बहुधा त्या पोराचं वजन वाढत होतं म्हणून.

शेवटच्या महिन्यात पट्ट्या आयांनाच वाटायच्या होत्या, घरच्या घरी मोजता याव्यात म्हणून. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्या मुलाची आई पुढे बसलेली. मध्ये मलेरियाने तो पुन्हा खाली घसरला होता, आता बरा. मी त्याचा दंड धरला, पट्टी लावली, आणि बघता बघता बोटांनी जुन्या सवयीने ती ओढली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘पांगोनो, अमायी.’

सगळ्या बाया हसल्या, मीही. मग तिनेच मोजलं. १२.१. पिवळं, साडेबाराला चार रेघा कमी. रजिस्टरात आकडा लिहिला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.