बालवाडी काढताय? भिंतींआधी पिठाचं बघा

गोव्यात वाड्यावर बालवाडी काढायची म्हटलं की पेडण्यात काय, सत्तरीत काय, पहिली चर्चा खोलीची. देवळाचा मंडप मिळेल का, पत्रे कोण देणार. आफ्रिकेतल्या खेड्यांनी चालवलेल्या बालवाड्या बघितल्या तर काम भिंतींपाशी क्वचितच अडतं.

गोव्यासारखंच मोझांबिकवरही पोर्तुगिजांचं राज्य होतं, 1975 पर्यंत. तिथल्या गाझा प्रांतात 2008 पासून सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून 'एस्कोलिन्या', म्हणजे बालवाड्या, उभ्या केल्या. 3 ते 5 वर्षांची मुलं, रोज सव्वातीन तास, वर्गाला दोन शिक्षक, तेही गावातलेच. तिथे गेलेली मुलं पुढे प्राथमिक शाळेत दाखल होण्याचं प्रमाण 24 टक्क्यांनी जास्त निघालं. धाकट्यांना सांभाळण्यातून सुटलेली 10 ते 14 वर्षांची भावंडंही शाळेत जास्त जाऊ लागली. बालवाडीतल्या मुलांची खुंटलेली वाढ मात्र तशीच राहिली.

मलावीतल्या गाव-बालवाड्यांत सगळा भार लापशीवर असतो. तिचं नाव लिकुनी फाला. साधारण 4 भाग मका, 1 भाग सोयाबीन. सोयाबीन आधी भाजायचंच. कच्चं दळलं तर उग्र वास येतो आणि त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. पीठ गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आपल्या तिझनापेक्षा, म्हणजे नाचणीच्या पेजेपेक्षा, दाट हवी, चमचा तिरका केला तरी घरंगळू नये. पातळ केली की सगळ्यांना पुरते, पण मुलाचं एवढंसं पोट पाण्यानेच भरतं.

आणि ती पातळ होते जानेवारी ते मार्चमध्ये. नवा मका एप्रिलच्या सुमारास निघतो, तोवर घरोघरच्या कणग्या तळाला गेलेल्या असतात. पीठ संपलं की हजेरी गळते, मग शिकवणाऱ्या ताईही शेताकडे वळतात. म्हणून घरटी वाटा कापणीच्या दिवसांतच गोळा करायचा. काही गावं बालवाडीसाठी सामाईक शेतच राखतात. साठवणीचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ओला राहिला तर बुरशी धरते, आणि तो मका मुलांना घालणं धोक्याचं.

बहुतेक ताई बिनपगारी, त्यामुळे शिकवून तयार केलेली बाई दुसरं काम मिळालं की जाते. यात तिचा दोष अजिबात नाही. वर्गाला दोघी असतील तर तिसरीला आठवड्यातून एक दिवस बोलावत राहावं, म्हणजे वर्ग बंद पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे, पत्र्यांचे पैसे आधी मानधनाकडे वळवावेत, आणि ते थोडं असलं तरी ठरल्या तारखेला द्यावं. पावसाळ्यापुरता मंडप मागून घेता येतो.