आमची वाटचाल : आधी गळती कुठली ते सांगा, मग पाना लावा

ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज मी आणि माझ्या मावसभावाने भागीदारीत सुरू केलं. भांडवल बेताचंच होतं. एक लांब दांड्याचा आरसा, हॅण्डलॅम्प, ब्रश, डिझेलचा डबा, टाल्कम पावडर आणि मापानुसार लावलेले तांब्याचे वायसर. नवीन ट्रॅक्टरची गॅरेजं पुष्कळ होती, म्हणून आम्ही जुन्यांवर भर दिला. फर्ग्युसन टीई 20, मॅसी 35 असली मशिनं. टीई 20 1946 ते 1956 या काळातली. तिच्यात गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच तेलावर चालतात, पंपही त्याच तेलात बुडालेला. अशा मशिनमध्ये डब्यावर ‘गिअर ऑइल’ लिहिलंय म्हणून कुठलंही जाड तेल ओतणाऱ्याला मी मेस्त्री म्हणत नाही. पंप तेल ओढायला अडखळतो, लिफ्ट जड होते आणि दोष पंपावर जातो.

बेलहाउसिंगखालच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराखालच्या, भोकात एक दुभंगलेली पिन लोंबत असते. तिथून ठिबकलं की लोक लगेच म्हणतात, क्रँकचा बॅक सील गेला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या मागे तेल अडवणारा सील. आमचा शिरस्ता वेगळा. ठिबकणारं तेल पांढऱ्या कापडावर घ्यायचं. काळं आणि इंजिनाच्या वासाचं असेल तर क्रँककडचं. सोनेरी, जाडसर असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलकडचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधून फोडावाच लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, पण फोडल्यावर कोणता सील बदलायचा ते आधी ठाऊक असायला हवं. इंजिनाच्या बाजूने तेल उतरत असेल तर सगळं धुवायचं, वाळवायचं, पावडर मारायची आणि थोडं चालवायचं. पहिली ओली रेघ वरून सुरू होते, ती शोधायची. आणि सील बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी वाट, बघा! तो तुंबला की आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

आमच्यावर वेळ आली ती एका मॅसी 35 मुळे. आम्ही तेल-फिल्टर बदलून दिला, तेलाची पातळी मालकासमोर गेजवर दाखवली. पुढे काही काळाने बेअरिंगं गेली. इंजिन दुसऱ्या गॅरेजवाल्याने उघडलं आणि चार माणसांत सांगितलं, ‘यांनी खराब तेल टाकलं.’ बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. गिऱ्हाईकं तुटली, उधारी अडकली, हप्ते थकले. मावसभाऊ हिस्सा घेऊन वेगळा झाला. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडं होती.

टिकले फक्त अण्णा, आमचे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी आपली फर्ग्युसन आमच्याचकडे ठेवली, पुढच्या सर्व्हिसचे पैसेही आगाऊ दिले. मग स्वतः त्या मालकाकडे जाऊन विचारलं, ‘बाबा, मधे तेलाची पातळी किती होती?’ तो म्हणाला, ‘कमी कुठली, उलट वाढली होती.’ अण्णांनी तिथूनच मला बोलावलं.

चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाचं, तेल फेकून दिलेलं होतं, पण फिल्टरच्या भांड्यात थोडं उरलं होतं. पाण्यासारखं पातळ, डिझेलचा उग्र वास. मी फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा पंप, सोडवला, डिझेल लावून त्याची दांडी हलवली. डायफ्राम, म्हणजे त्यातला पडदा, फाटलेला होता, डिझेल सरळ इंजिनात उतरत होतं. तेल पातळ झालं, दाब गेला, बेअरिंगं गेली. मालकाने हात जोडले. त्या गॅरेजवाल्याने मात्र आजतागायत एक शब्द काढलेला नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर काम वाढलं, जागा बदलली, पोरं शिकून तयार झाली.

येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतोच, तुम्हालाही सांगतो. गेजवर पातळी वाढली तर खूश होऊ नका, वास घ्या. इंजिनचं तेल गरम असताना सोडा, म्हणजे गाळ सोबत येतो. फिल्टर बसवताना खाचेतली जुनी रिंग टोचून काढा. ती राहिली आणि वर नवी बसली की इंजिन सुरू होताच तेल उडतं. गिअरबॉक्सचा प्लग मात्र रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा, हळूहळू ढिला करा. आत पाणी साचलं असेल तर तेलाआधी तेच येईल. तेल दुधासारखं झालं असेल तर नुसतं बदलून भागणार नाही, गिअर लिव्हरचं रबर बघा, पावसाचं पाणी बहुधा तिथूनच शिरतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ट्रॅक्टर उतारावर नेऊ नका. अ‍ॅक्सलच्या सीलमधलं तेल ब्रेकच्या लायनरवर गेलेलं असतं. लायनर धुवून परत लावून देणारे आहेत. आम्ही सीलसोबत लायनरही बदलतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी.