मूठ आणि विळा

इथल्या शाळेत मुलांना बेदाणा खायला शिकवतात. थट्टा करत नाही. तळहातावर एक बेदाणा ठेवायचा, त्याच्या सुरकुत्या बघायच्या, कानाशी नेऊन दोन बोटांत दाबून ऐकायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि लगेच चावायचा नाही. पोरं अकरा-बारा वर्षांची. अर्धी खुदुखुदु हसत असतात, काहींनी पहिल्याच मिनिटाला गिळून टाकलेला असतो, आणि एखादी मुलगी मात्र खरोखर डोळे मिटून चव घेत बसते. मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका माध्यमिक शाळेत वर्गसहायक आहे. म्हणजे शिक्षक फळ्याजवळ शिकवत असतात आणि जी मुलं मागे पडतात त्यांच्या शेजारी मी बसतो. त्यामुळे बेदाणा माझ्याही वाट्याला येतो.

फोनवर मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "एकच? कामून, लई महाग हाय का तिकडं?"

जे करतोय त्यावर असं पूर्ण लक्ष देण्याला इकडे माइंडफुलनेस म्हणतात आणि आता हा शब्द आपल्याकडेही पोचलाय, बहुतेक मोबाइलमधून. त्याची आजची घडी बसवली जॉन कबाट-झिन यांनी. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वर्ग सुरू केला. जुनाट दुखण्याचे, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं असे पेशंट तिथे यायचे. कबाट-झिन स्वतः झेन आणि विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धती शिकलेले, पण दवाखान्यात चालावं म्हणून त्यांनी बुद्धाची भाषा बाजूला ठेवली आणि श्वास, शरीर, चालणं, बेदाणा एवढंच ठेवलं. पुढे मार्क विल्यम्स, जॉन टीसडेल आणि झिंडेल सेगल यांनी त्याला मानसोपचाराची जोड दिली. ज्यांना नैराश्य पुन्हापुन्हा गाठतं त्यांच्यासाठी ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेत २००४ पासून त्याची शिफारस आहे. लोकांना त्याचा खरा उपयोग झालाय. म्हणून 'हे सगळं आपलंच, गोऱ्यांनी पळवलं' असे जे मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर फिरतात ते मला पटत नाहीत. आपलं होतं तर आपण त्याचं काय केलं, हा पुढचा प्रश्न त्या मेसेजमध्ये कधीच नसतो.

पण दवाखान्यातली गोष्ट शाळेत नेली की काय होतं? इंग्लंडने हे मोजून पाहिलं. ८० हून अधिक शाळा आणि ११ ते १४ वयाची ८ हजारांहून अधिक मुलं घेऊन ऑक्सफर्ड आणि इतर विद्यापीठांनी मोठी चाचणी केली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. अर्ध्या शाळांतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी मुलांना माइंडफुलनेस शिकवलं, बाकीच्या शाळांत नेहमीचे भावनिक-सामाजिक तास चालू राहिले. मुलांच्या मनःस्वास्थ्यात या नव्या तासांमुळे वेगळा फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र थोडा कमी झाला आणि शाळेचं वातावरणही जरा सुधारलं. स्टाफरूममध्ये यावर बरेच विनोद झाले. मला विनोदापेक्षा त्यातला तिढा लागून राहिला. शिकवणाऱ्याला लाभ होतो आणि शिकणाऱ्याला नाही, असं का व्हावं? मला वाटतं, शिक्षकाला आपण हे कशासाठी करतोय ते ठाऊक होतं. पोराला फक्त सूचना होत्या.

या तिढ्याचं एक उत्तर मला लेस्टरमध्ये नाही, नागसेनवनात मिळालं होतं, फक्त तेव्हा ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं. मी मिलिंद महाविद्यालयाचा विद्यार्थी. आता गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर, आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. निजामाची राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झाली असताना, १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. घेतलेला माणूस, त्याने कॉलेजला नाव दिलं ते मिलिंद, आणि परिसराला नागसेन. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तरं देणारा भिक्खू. मागच्या डोंगरात लेणी. आम्ही तिथे अभ्यासाला कमी आणि गप्पांना जास्त जायचो.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. 'मिलिंद पञ्ह' या पाली ग्रंथात त्याचे आणि नागसेनाचे संवाद आहेत. त्यातला रथाचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो. मला आठवतो तो दुसराच. राजा विचारतो, मन लावणं आणि प्रज्ञा यांत फरक काय? नागसेन उलट विचारतो, जव कापणारे लोक पाहिलेत का? कसे कापतात? राजा सांगतो, डाव्या हातात जवाची मूठ धरतात, उजव्या हातात विळा घेतात आणि कापतात. नागसेन म्हणतो, बस, तसंच. मन लावून साधक चित्ताला मुठीत धरतो आणि प्रज्ञेने त्यातली घाण कापून टाकतो.

राजाला हे पटायला वेळ लागला नाही. मराठवाड्यातल्या पोराला तर लागूच नये. सोंगणीला गेलेल्या कुणालाही विचारा, मूठ सैल असली तर विळा बोटावर येतो, आणि नुसतीच मूठ धरून उभं राहिलात तर मुकादम हाकलून देतो.

शाळेतल्या बेदाण्याचं हेच झालंय. डाव्या हाताचं शिक्षण उत्तम चाललंय. श्वास बघ, पाय जमिनीला टेकलेत ते जाणव, विचार येतोय-जातोय ते बघ. पुढे? वर्गात ज्याच्यामुळे मन उठलंय तो राग, शेजारच्या पोराच्या बुटांचा हेवा, घरी बापाची नोकरी गेल्याची भीती, हे कापायचं कशानं? त्यावर कुणी बोलत नाही, कारण तिथून पुढे चांगलं काय, वाईट काय, हे सुरू होतं, आणि चांगलं-वाईट म्हटलं की इथले शिक्षक सावध होतात. बाबासाहेब शिक्षणासोबत शील आणि करुणा यांचा धोशा का लावायचे, ते मला इथे कळतंय. शिकलेला पण शील नसलेला माणूस त्यांनी जवळून पाहिला होता.

नागसेनाच्या दृष्टांतात एक गोष्ट नाही, ती मायकडून घेतो. शेतात एकटी बाई कापत नाही. बायका ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीची पात, म्हणजे कापायची पट्टी, ठरलेली. जिचा हात चपळ ती आधी बांधाला पोचते, मग मागे वळून, जी रखडलीय तिच्या पातीत समोरून शिरते आणि दोघी मधे कुठेतरी भेटतात. कुणी सांगावं लागत नाही. मागे राहिलेली म्हातारी असेल, लेकरू झाडाखाली रडत असेल म्हणून उशीर झाला असेल, कुणी विचारत नाही. सावडीतसुद्धा हेच, आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. याला अध्यात्म वगैरे नाव देऊन मी सजवणार नाही, त्याच बायकांना पुरुषांपेक्षा कमी रोज मिळतो हेही तितकंच खरं. पण मन लावून काम आणि शेजारणीकडे लक्ष, दोन्ही एकाच वेळी कसं चालतं ते मी त्या रानात पाहिलंय.

इथे त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला दिसली. सप्टेंबर-ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या पुष्कळ शाळांत हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो. मूळचा सुगीचा, चर्चमधला सण. आता शेत कुणाकडेच नाही, म्हणून मुलं घरून डबे आणतात. बीन्सचे, सूपचे, पास्त्याची पाकिटं. ते गावातल्या फूड बँकेत जातं, ज्यांचं भागत नाही त्यांना वाटतात. यंदा डबे लावायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. तारीख बघून गट करायचे, फुटका डबा वेगळा काढायचा, जड खाली हलका वर. जो पोरगा बेदाणा तोंडात टाकून मोकळा होतो, तो तासभर तारखा तपासत होता आणि संपलेल्या तारखेचा एक डबा सापडला तेव्हा मला हाक मारून म्हणाला, "हे कुणी खाल्लं असतं तर?" त्या वर्गातल्या काही घरांत हेच डबे परत जातात. मुलांना ते माहीत असतं आणि कुणी कुणाला चिडवत नाही. श्वासावर एक शब्दही न बोलता झालेला हा लक्ष देण्याचा तास होता, असं मी मुख्य शिक्षिकेला म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात बेदाणा तसाच ठेवला.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? शाळांमध्ये आनापान, म्हणजे श्वासाकडे बघायचं ध्यान, शिकवणारा मित्र उपक्रम महाराष्ट्रात आला, दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०१८ मध्ये हॅपिनेसचा तास सुरू केला. हेतू चांगलेच आहेत. पण मराठवाड्यात आज मन एकाग्र करायची सगळ्यात मोठी शाळा लातूरला भरते. तिथल्या प्रवेश परीक्षांच्या अभ्यासिकांत जी शांतता असते ती कुठल्या विहारातही सापडणार नाही. पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत मान वर करत नाहीत. म्हणजे मूठ घट्ट आहे, फार घट्ट, कधीकधी इतकी की पोरगं आतून मोडतं. विळ्याचं तेवढं कुणी काढत नाही. आणि शेजारच्या खुर्चीतला रखडला तर त्याच्या पातीत शिरायची सोयच नाही, कारण गुणवत्ता यादीत तो तुमच्या वर तरी असतो नाहीतर खाली.

माझा भाचा तिथेच आहे, नीटची तयारी करतोय. झोप येत नाही, छातीत धडधडतं, म्हणून त्याने मला विचारलं, "मामा, ध्यानाचं कोणतं ॲप लावू?" मी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं. मग रविवारी निवांत फोन करून नागसेन, जव, विळा, त्याच्या आजीची पात, सगळं सांगितलं. रूममधल्या ज्या पोराला फिजिक्स जमत नाही त्याला रोज अर्धा तास शिकव, असंही म्हटलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, "मामा, सगळं खरंय हो तुमचं. त्याला शिकवतो मी, आधीपासूनच शिकवतो. पण उद्या मॉक आहे, झोप पायजे. ॲपचं नाव सांगता का?"

सांगितलं. फुकटातलं.