तबला का सोडलास? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, बारशाला, कुठेही भेटलात की तुमचं ठरलेलं, "तबल्याची मध्यमा परीक्षा झालेला मुलगा, त्या बँडच्या नादाने तबला सोडलास ना?" एकदा नीट सांगतो.

तो बँड म्हणजे इंडियन ओशन. दिल्लीचा. त्यांचा 'कंदिसा' 2000 साली आला आणि वर्षभराने नाशिकला शिकणाऱ्या मामेभावाने मला कॅसेट दिली. त्यात 'माँ रेवा' आहे, नर्मदेचं गाणं. बँडमधला राहुल राम नर्मदा आंदोलनात होता, तिथून ते बँडमध्ये आलं. आम्ही शहाद्याचे, आमची नदी म्हणजे प्रकाशाची तापी. नर्मदा आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला वाहते हे भूगोलात पाठ होतं, पण तिचं गाणं असतं हे मला दिल्लीवाल्यांनी सांगितलं, आणि त्याची मला लाज वाटली. दुसरं म्हणजे त्याच बँडचा असीम चक्रवर्ती, मांडी घालून तबला वाजवता वाजवताच गायचा. मला तबला म्हणजे गाणाऱ्याच्या बाजूला बसून सांभाळायची गोष्ट एवढंच माहीत होतं.

कॅसेट तबल्याच्या सरांकडे घेऊन गेलो. सर दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सुरात मिळवत होते, हातोडी हातात. गाणं सुरू झालं तशी ती खाली ठेवली आणि संपेपर्यंत मांडीवर बोटं चालू होती. मग म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा गाण्याबरोबर हळू ठेका धरला, दोन आवर्तनांत त्यात बसले. चेहरा खुलला होता, मी पाहिलंय. गाणं संपल्यावर म्हणाले, "या हातामागे किती वर्षं असतील सांग. तू दोन महिने रियाझाला बसला नाहीस." खरं होतं. आणि मी म्हणालो, सर, तुम्हाला परीक्षेपलीकडे काय कळतं.

सर काही बोलले नाहीत. डग्ग्यावर गवसणी चढवली, नाडी ओढून गाठ मारली, कॅसेट काढून माझ्या हातात दिली. मी परत गेलो नाही.

कितीतरी वर्षं मी सांगत फिरलो की सर जुन्या वळणाचे, त्यांना नवीन चालत नव्हतं. खोटं आहे ते. पण बँडमुळे सोडला हेही मला मान्य नाही, कारण त्या कॅसेटनंतरच मी गोंधळ्यांचं संबळ कान देऊन ऐकायला लागलो, तोंडाने गाणारा आणि हाताने वाजवणारा माणूस दिसला की आजही पाय थांबतात, हे मला तबल्याच्या क्लासने दिलं नव्हतं. मग कधी वाटतं, चार वर्षं क्लासला गेलो नसतो तर असीमचा हात तरी ऐकू आला असता का?

25 डिसेंबर 2009 ला असीम गेला. बातमी कळली तेव्हा पहिली आठवण सरांची आली. नंबर होता माझ्याकडे. सर अजून शिकवतात, दिवाळीला त्यांच्या गल्लीतून जातो तेव्हा वरून पोरांचा तबल्यावरचा कायदा ऐकू येतो, मध्येच कुणीतरी चुकतं, थांबतं, आणि सर परत पहिल्यापासून घ्यायला लावतात.