एका घरात दोन नेटवर्क : फाइल शेअरिंगच्या दुरुस्तीची नोंद

मुलुंडच्या आमच्या घरात बेडरूममधील जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि विंडोजशी फाइल शेअर करणारा सांबा हा प्रोग्रॅम बसवून तो सगळ्या घराच्या फोटोंसाठी राखून ठेवला आहे. पत्नीच्या लॅपटॉपवरून त्यावरील फोल्डर पहिल्या दिवसापासून उघडत होता. हॉलमधील माझ्या विंडोज ११ प्रोच्या लॅपटॉपवरून मात्र 'सिस्टम एरर ५३', म्हणजे नेटवर्कवर तो मार्गच सापडत नाही, एवढेच उत्तर मिळत असे.

डेस्कटॉपवरून माझ्या लॅपटॉपला पिंग केले, म्हणजे 'आहेस का' असा छोटा संदेश पाठवला, तर उत्तर येई, उलट दिशेने केले तर येत नसे. असा एकतर्फी प्रकार दिसला की संशय फायरवॉलवर, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या प्रोग्रॅमवर, जातो, आणि तसाच तो माझाही गेला. दोन रविवार मी डेस्कटॉपवरील फायरवॉलचे नियम तपासण्यात, ते पूर्ण बंद करून पाहण्यात आणि सांबाची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल पुनःपुन्हा लिहिण्यात घालवले. पत्नीच्या लॅपटॉपवर तोच फोल्डर सुरळीत उघडतो आहे, यावरूनच सांबा निर्दोष असल्याचे मला कळायला हवे होते; पण कॉन्फिग फाइल समोर उघडी असली की तिच्यात हात घातल्यावाचून राहवत नाही.

तिसऱ्या रविवारी दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते कागदावर एकाखाली एक लिहिले. लॅपटॉप १९२.१६८.१.७ वर होता आणि डेस्कटॉप १९२.१६८.०.१०५ वर. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे ही दोन निराळी नेटवर्क होती. हॉलमधील फायबरच्या बॉक्सचे वायफाय आरसीसीच्या भिंतींमुळे आत पोहोचत नव्हते, म्हणून बेडरूममध्ये मी स्वतःचा राउटर लावला होता आणि हॉलमधून आलेली केबल त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या, पोर्टमध्ये खोचली होती. त्यामुळे तो राउटर आतल्या यंत्रांना स्वतःचे पत्ते वाटत होता आणि त्यांच्यासाठी नॅटही करत होता, म्हणजे बाहेर जाताना त्यांच्या पत्त्यांऐवजी स्वतःचा पत्ता लावत होता. आतून निघालेले पिंग राउटरच्या बाहेरच्या पत्त्याने हॉलमध्ये पोहोचत असे आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. हॉलमधून निघालेले पिंग मात्र फायबरच्या बॉक्सकडे जाई, आणि १९२.१६८.०.१०५ हा पत्ता कोणाच्या पोटात आहे हे त्या बॉक्सला ठाऊक नसल्यामुळे तिथेच हरवे. पत्नीचा लॅपटॉप आतल्याच वायफायवर असल्याने तिची कधी अडचण झाली नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे वेगळे नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवण्यावर, टाकला, डेस्कटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता फायबरच्या बॉक्समध्येच राखून ठेवला आणि दोन्ही बाजूंचे पिंग सुरू झाले.

फोल्डर तरीही उघडला नाही, पण या वेळी कारण नवे होते. विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती पासवर्डाविना गेस्ट (पाहुणा) म्हणून शेअर केलेला फोल्डर उघडू देत नाही आणि मी सांबामध्ये आळसाने गेस्टच ठेवला होता. सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवले जातात, तेव्हा माझ्या नावाचा वापरकर्ता सांबामध्ये स्वतंत्र नोंदवला आणि फोल्डर उघडला. 'नेटवर्क'च्या यादीत डेस्कटॉपचे नाव दिसत नव्हते. त्यासाठी डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम बसवला. तो नसला तरी पत्ता टाइप करून काम भागते.

यानंतर लॅपटॉप हॉलमध्ये केबलने जोडून १८० जीबी व्हिडिओ पाठवायला घेतले, तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा ओळखीचा आहे : १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) जोडणीची साधारण तीच मर्यादा. हॉल ते बेडरूम केबलचा कनेक्टर कापून पाहिला, तेव्हा ती टाकणाऱ्या कारागिराने आठांपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या, म्हणजे कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या, आढळल्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, आठ तारांच्या चारही जोड्या लागतात. दुसऱ्या टोकालाही तीच काटकसर होती. लॅमिंग्टन रोडवरून पूर्वी आणलेले क्रिंपिंग टूल अखेर कामी आले. आठही तारा बसवल्यावर वेग १०५ एमबीपर्यंत गेला आणि साडेचार तासांचे काम अर्ध्या तासात आटोपले.

एक गोष्ट मी मुद्दाम सोडली आहे. बाबांचा टीव्हीजवळचा जुना मीडिया प्लेअर फक्त एसएमबी १, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगची सर्वात जुनी पद्धत, जाणतो. सांबाने ४.११ या आवृत्तीपासून, २०१९ साली, ते मुळातच बंद ठेवले आहे. एका ओळीने ते सुरू करता येते. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या दारातून जगभर पसरला ते विंडोजमधील एसएमबी १ चेच होते आणि ज्या यंत्रावर घरातले सगळे फोटो आहेत त्यावर असले जुने दार उघडण्याची माझी तयारी नाही. त्याऐवजी येत्या शनिवारी डेस्कटॉपवर टीव्ही-प्लेअरना गाणी-व्हिडिओ पुरवणारा मिनीडीएलएनए हा प्रोग्रॅम बसवून पाहणार आहे. तोवर बाबांचे नाट्यसंगीत पेनड्राइव्हवरून सुरू आहे.