साठ फुटांची वरात आणि एक ओकचं झाड

आमच्याकडे गाडी चालवायचं खातं ह्यांचं आणि रात्री ती कुठे उभी करायची हे शोधायचं खातं माझं, आणि खरं सांगते, माझं खातं जास्त अवघड आहे. गाडी म्हणजे आमची आरव्ही, चाकांवरचं घरच, २०१३ ची डिझेल पुशर (डिझेल इंजिन मागे असतं ती), क्लास ए म्हणजे बससारखी सगळ्यात मोठी जात, ४० फूट लांब, साडेआठ फूट रुंद, छतावरचे एसी धरून साडेबारा फूट उंच, आणि मागे टो बारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, आमची जुनी कार, होंडा सीआर-व्ही. डॅलसहून निघालो की अख्खी वरात साठ फुटांच्या आसपास जाते. नाशिकला ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, अगं ही तर एसटीपेक्षा मोठी, लावता कुठे? म्हटलं ताई, तेच तर शोधत बसते मी रोज.

सुरुवातीला मी पण वेबसाइटवरचे फोटो बघूनच बुक करायचे. स्विमिंग पूल, पिकलबॉल, कुत्र्यांसाठी वेगळं पार्क, वर "लक्झरी आरव्ही रिसॉर्ट" लिहिलेलं, की टाकलं कार्ड. दोन वर्षांपूर्वी असंच एक केलं (नाव नाही सांगत), रात्रीचे ११८ डॉलर, "बिग रिग फ्रेंडली", म्हणजे लांबलचक गाड्यांची सोय आहे, असं मोठ्या अक्षरात. पोचलो तेव्हा पाऊस, अंधार पडत आलेला, ऑफिसमधल्या मुलाने नकाशावर पिवळ्या पेनाने रस्ता काढून दिला आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या वळणाला एक ओकचं झाड, बुंधा आतल्या कोपऱ्यात आणि फांदी बरोब्बर आमच्या एसीच्या उंचीवर. आता ज्यांनी कधी मागे कार लावून नेली नाही त्यांना सांगते, चारही चाकांवर ओढत नेतो ती कार जोडलेली असताना रिव्हर्स घेताच येत नाही, कारची पुढची चाकं वाट्टेल तिकडे वळतात आणि टो बार वाकतो. म्हणजे आधी कार सोडवायची. आणि गाडी वळणात तिरकी अडकलेली असली की टो बारच्या पिना ताणाने अशा घट्ट बसतात की निघता निघत नाहीत. हे चिखलात गुडघ्यावर, मी छत्री आणि टॉर्च धरून, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या. शेवटी शेजारच्या साइटवरचे एक आजोबा रबरी हातोडा घेऊन आले, एक शब्द न बोलता दोन ठोके घातले आणि पिन बाहेर. पाऊण तास गेला. पूल बघायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मी वेबसाइटच्या आधी सॅटेलाइट नकाशा उघडते. गुगल मॅप्समध्ये अंतर मोजायची सोय असते, त्याने पॅड, म्हणजे गाडी उभी करायची जागा, मोजायचं, आतला रस्ता किती रुंद आहे ते मोजायचं, वळणावर झाडाची सावली पडलीये का बघायचं, आणि मुख्य म्हणजे तो फोटो निघाला त्या दिवशी तिथे कोण उभं होतं ते बघायचं. सगळे छोटे ट्रेलर दिसले तर मी पुढे बघतच नाही. रिव्ह्यूमधल्या फोटोंचं पण तेच, लोक आपल्या कुत्र्याचा फोटो टाकतात, मी कुत्र्याच्या मागचा रस्ता बघते.

रेटिंगवर माझा राग आहे थोडा. गुड सॅम म्हणून आरव्ही पार्कांना मार्क देणारे आहेत, त्यांचे तीन आकडे असतात, एक सोयींचा, एक टॉयलेट-शॉवरचा, एक दिसायला कसं आहे त्याचा, प्रत्येक दहापैकी, आणि बाथरूम अगदीच चकाचक असेल तर मधल्या दहाला चांदणी. पण आमचं बाथरूम आमच्या गाडीत आहे, मी त्या चांदणीचं काय करू? वळणाला कोणी मार्क देत नाही.

दुसरी गोष्ट वीज. नुसतं "इलेक्ट्रिक हुकअप" (साइटवरची वीजजोडणी) वाचून भुलू नका, ५० अ‍ॅम्प आहे का विचारा. ३० अ‍ॅम्प म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट, आणि ५० अ‍ॅम्पच्या प्लगमध्ये ५०-५० च्या दोन लाइनी असतात म्हणून १२,००० वॉट, म्हणजे आकड्यावरून जेमतेम पावणेदोनपट वाटतं पण मिळतं तिपटीहून जास्त. टेक्सासच्या जुलैमध्ये ३० वर दोन एसी लावून इंडक्शनवर फोडणी करून बघा, मोहरी तडतडायच्या आधी ब्रेकर पडतो. झालंय आमचं. वरण बिनफोडणीचंच खाल्लं त्या दिवशी. आणि जुन्या पार्कात सगळ्यांचे एसी दुपारी एकदम सुरू झाले की व्होल्टेज इतकं खाली येतं की आमचा सर्ज प्रोटेक्टर स्वतःच लाइन तोडतो, मग ५० ची पाटी असून काय उपयोग.

पॅड सपाट काँक्रीटचं पाहिजे हे पण मी आता कटाक्षाने बघते. उतार असला की गाडी सपाट करणारे लेव्हलिंग जॅक पुढची चाकं जमिनीवरून उचलतात आणि दारातून खाली उतरायला स्टूल लागतं, आमच्या वयाला हे नको.

महागड्या जागांचा एक वेगळाच नखरा, दहा वर्षांचा नियम. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी फोटो मागतात. आमची आता त्यात बसते. मग गाडी धुवायची, पुसायची, चारी बाजूंनी फोटो काढून पाठवायचे आणि पसंतीची वाट बघायची, अगदी दाखवायचा कार्यक्रम! अजून तरी नकार आलेला नाही. लास व्हेगासला आणि कॅलिफोर्नियात इंडिओला तर फक्त क्लास ए गाड्यांना घेणारे रिसॉर्ट आहेत, तिथले लॉट लोकांनी विकत घेतलेले असतात आणि मालक नसले की भाड्याने मिळतात. इंडिओला एकदा राहिलोय, रस्ते असे ऐसपैस की ह्यांनी एका हाताने चहा पीत गाडी लावली. महाग आहे, पण त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही, त्याची पण किंमत धरा.

नॅशनल पार्कात मात्र असल्या चैनीची अपेक्षा ठेवू नका. योसेमिटीत हुकअपच नाहीत. यलोस्टोनमध्ये फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही) एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिजला, आणि तिथे अस्वलांमुळे तंबूवाल्यांना प्रवेशच नाही. ग्रँड कॅन्यनच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये ५० फुटांपर्यंतच्या पुल-थ्रू साइट आहेत, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, आम्ही कार आधी सोडवली आणि मग सुखात आत गेलो. आणि ग्लेशियरला गोइंग-टू-द-सन रोडवर डोंगरातल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब काहीच चालत नाही, म्हणून तर ती सीआर-व्ही मागे फरफटत न्यायची.

आता फोनवर पण मी "मोठी गाडी बसेल का" असं विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, आज तुमच्याकडे सगळ्यात लांब गाडी कुठल्या नंबरवर उभी आहे आणि ती आत कशी आली. परवा ऑक्टोबरसाठी एका ठिकाणी विचारलं तर बाईंनी पाच मिनिटं होल्डवर ठेवलं, कोणालातरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, ३४ नंबर घ्या. घेतला. आत्ता सॅटेलाइटवर बघतेय तर ३४ च्या कोपऱ्यावर काहीतरी गोल काळं दिसतंय, झाड आहे की नुसती सावली कळत नाहीये. हे म्हणतायत झोप आता. उद्या ऑफिस उघडलं की परत फोन.