वेंकीज एवढे पैसे ओततात, मग ब्लॅकबर्नवाले चिडतात कशाला?

पुण्यात ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. आपल्या पुण्याच्या वेंकीज या कोंबडी-अंडी व्यवसायातल्या कंपनीने २०१० पासून त्या क्लबात २० कोटी पौंडांच्या वर घातले, नफ्याचं तोंड काही पाहिलं नाही, तरी तिथले लोक मालकांच्या नावाने खडे का फोडतात? प्रश्न रास्त आहे. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबावरचा राग समजायला सोपा: क्लब विकत घ्यायला काढलेलं कर्ज त्यांनी क्लबच्याच डोक्यावर टाकलं. ब्लॅकबर्नचं दुखणं नेमकं उलटं. तिथे पैसा पोचतो, पण निर्णय कोण घेतं हे कुणालाच कळत नाही.

१९९५ साली प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल श्रेणी, जिंकलेला हा क्लब. जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योजकाच्या पैशावर ते विजेतेपद आलं. नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकर ट्रस्टकडून वेंकीजने तो सुमारे २.३ कोटी पौंडांना घेतला, कर्जाचा भार वेगळा. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्याच्या धोक्यात नव्हता. जागी आले प्रशिक्षक ताफ्यातले स्टीव्ह कीन. क्लब घेताना वेंकीजला सल्ला देणाऱ्या एजंटचेच ते अशील, त्यामुळे संशय पहिल्या दिवसापासून होता. २०११ च्या सुरुवातीला अध्यक्ष जॉन विल्यम्सही गेले. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. खेळाडू विकत मिळतात. क्लब चालवण्याचा अनुभव असलेलं ऑफिस एकदा मोडलं की पुन्हा उभारायला वर्षं जातात.

ऑक्टोबर २०११ मध्ये संघ तळाशी धडपडत असताना त्याला बालेवाडीला आणून पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला. ३-० जिंकले. आपल्याकडे कौतुक झालं, तिकडे लोकांनी कपाळावर हात मारला. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. तो फोटो जगभर फिरला, आणि आंदोलन म्हणजे गंमत असा समज झाला. त्याचं नुकसान चाहत्यांनाच जास्त झालं.

निर्णय कोण घेतं या प्रश्नाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा कोर्टाच्या कागदांत आहे. कीन यांच्यानंतर आलेले हेनिंग बर्ग १० सामन्यांत १ जिंकून ५७ दिवसांत गेले. करार तीन वर्षांचा, आणि काढल्यास उरलेल्या काळाचा मूळ पगार द्यावा असं त्यात लिहिलेलं. क्लबने आधी हे देणं मान्य केलं. मग कोर्टात भूमिका फिरवली: व्यवस्थापकीय संचालकांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता! उच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही आणि २२.५ लाख पौंड द्यायला लावले. बर्ग यांच्या जागी आलेले मायकेल ॲपल्टन ६७ दिवस टिकले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत उतरला. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही गोलफरकाने घात केला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणताही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता.

मॅनेजर टोनी मोब्रे यांनी वर्षभरात संघ दुसऱ्या श्रेणीत परत आणला, पण जुनी खोड सुटली नाही. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन या खेळाडूला उसना घ्यायचे कागद मुदतीत पोचले नाहीत. त्या मोसमात संघ सहाव्या आलेल्या संडरलँडइतकेच गुण मिळवून गोलफरकाने सातवा आला आणि प्लेऑफ, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची बादफेरी, हुकला. वर्षभराने डंकन मॅग्वायरच्या कागदांतही घोळ झाला आणि तोही आला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर मॅनेजर जॉन युस्टेस प्लेऑफच्या जागेवरचा हा संघ सोडून तळाच्या तिघांत अडकलेल्या डर्बीला गेले. त्याच वर्षी महिला संघाने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून माघार घेतली.

यात दिल्लीचा धागाही आहे. परदेशी चलन कायद्याखाली ईडीची चौकशी सुरू झाल्यापासून इंग्लंडला पैसे पाठवायला वेंकीजला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, वर बँक हमीची अट. २०२३ च्या उन्हाळ्यात मॅनेजरचं बजेट एकाएकी आक्रसलं. पुढच्या फेब्रुवारीत अकादमीत घडलेला ॲडम व्हार्टन १.८ कोटी पौंडांना, वर बोनस, क्रिस्टल पॅलेसला गेला; त्या मोसमात लीगमध्ये २७ गोल करणारा सॅमी झमोडिक्स ऑगस्टमध्ये इप्सविचला. विकण्यात गैर काही नाही, या श्रेणीतले बहुतेक क्लब तसेच जगतात. पण आलेल्या पैशातला संघावर किती जाणार, हे समोर येऊन सांगणारं कुणी नव्हतं.

मग चाहत्यांनी करायचं काय? बहिष्कार झाला. २०१६-१७ मध्ये सरासरी प्रेक्षक १२-१३ हजारांवर आले. ईवूड पार्कची क्षमता ३१ हजारांची. क्लबचं स्थापनावर्ष १८७५ धरून १८ व्या मिनिटाला आत यायचं आणि ७५ व्या मिनिटाला बाहेर पडायचं, असाही निषेध झाला. दिसायला छान, परिणाम शून्य. कारण साधं आहे. गल्ल्यावर डोळा असलेल्या मालकाला रिकाम्या खुर्च्या बोचतात. इथे मालक मैदानात फिरकत नाहीत आणि तूट तसंही तेच भरतात. गल्ला घटला की खेळाडूंचं बजेट घटतं, म्हणजे फटका चाहत्यालाच.

शिवाय नियमांची भानगड आहे. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे या दुसऱ्या श्रेणीत, तीन वर्षांत एकूण ३.९ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालतो. त्यातही वर्षाला ५० लाखांपुढचा भाग मालकाने भागभांडवल घालून भरावा लागतो, नुसतं कर्ज देऊन भागत नाही. अकादमीचा खर्च या हिशेबातून वगळतात. म्हणून ‘अंबानींसारखा कुणी आला की दणादण खेळाडू येतील’ ही आशा फोल आहे. नव्या मालकालाही याच चौकटीत राहावं लागेल. आणि दरवर्षी कोट्यवधींची तूट भरावी लागणारा क्लब घेणारे रांग लावून उभे नसतात.

म्हणून ‘चालते व्हा’पेक्षा अवघड मागण्या जास्त कामाच्या: संचालक मंडळात क्लब चालवण्याचा अनुभव असलेली स्वतंत्र व्यक्ती, खेळाडूंच्या व्यवहारांवर शेवटची सही कुणाची हे लेखी जाहीर, आणि विक्रीतल्या रकमेचा किती वाटा संघावर जाईल याचा आकडा. मागणी करण्याआधी हिशेब वाचावेत. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबचे आणि वरच्या ‘वेंकीज लंडन लिमिटेड’चे ताळेबंद फुकट मिळतात. क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे ते वसंतात येतात. एकूण नफा-तोटा बघून थांबू नका, एका खेळाडूच्या विक्रीने तो आकडा पार बदलतो. उत्पन्नाच्या किती टक्के पगारावर जातात ते आधी काढा; शंभराच्या वर असेल तर तिकीटविक्रीने काही हलणार नाही. मग मालकांचं कर्ज किती आणि त्यातलं भांडवलात किती वळवलं ते बघा. शेवटी क्लब पुढे चालू राहण्याच्या क्षमतेवरची टीप वाचा. मालकांनी हात आखडता घेतला तर काय होईल, याचा अंदाज तिथल्या भाषेवरून येतो.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला. स्वतंत्र नियामक क्लबांना परवाने देणार, मालकांची पात्रता तपासणार, अपात्र ठरलेल्याला दूरही करू शकणार. पण सामने हरणं किंवा पुण्यातून फोन न उचलणं म्हणजे अपात्रता नव्हे. चाहत्यांशी सल्लामसलत हा मात्र परवान्याचाच भाग असेल. पत्रं, न मिळालेली उत्तरं, रद्द झालेल्या बैठका यांची तारीखवार नोंद चाहत्यांच्या ट्रस्टने आत्तापासून ठेवली, तर नियामकापुढे ठेवायला हातात काहीतरी असेल.